अभावणीपासून चटईक्षेत्रापर्यंत

खेडच्या बाजारपेठेतील एखादा गाळा, किंवा एखाद्या इमारतीचा पहिला मजला, बँकेच्या शाखेसाठी, विम्याच्या कचेरीसाठी अथवा वकिलाच्या बैठकीसाठी भाड्याने द्यावयाचा ठरला, म्हणजे दराची घासाघीस सुरू होण्यापूर्वीच मालक आणि भाडेकरू यांच्यामध्ये, बहुधा न बोलता, एक मतभेद उत्पन्न झालेला असतो. आणि तो असतो जागा किती, या वरवर अगदी निरुपद्रवी दिसणाऱ्या प्रश्नाविषयी. मालक भिंतीच्या बाहेरून माप घेतो, भाडेकरू आतून घेतो. मालकाच्या हिशेबात जिना, ओटा आणि सामाईक बोळ येतात, भाडेकरूच्या हिशेबात मेज-खुर्च्या मांडता येतील तेवढीच जमीन येते. आणि दोघांच्या हाती टेप एकच असला तरी आकडे दोन निघतात. यात कोणी लबाडी करीतच असतो असे मुळीच नाही. मजल्याचा विस्तार डोळ्यांना दिसतो, पण त्याचे क्षेत्र करारातून जन्मास येते. टेपाचे टोक कोठे टेकवावयाचे, काय धरावयाचे आणि काय सोडावयाचे हे आधी ठरते, आकडा मागाहून येतो. हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, आणि ज्याला पैसे मोजावयाचे आहेत त्याला ते माप स्वतः पडताळून पाहता येते की नाही, हे दोन प्रश्न मोजणीच्या इतिहासात पुनःपुन्हा उपस्थित झालेले आहेत. आणि ते ज्या तीव्रतेने कोकणातील खोती मुलखात उपस्थित झाले, तितक्या तीव्रतेने अन्यत्र क्वचितच झाले असतील.

खेड हे जगबुडीच्या काठचे गाव. पूर्वेस रसाळगड, सुमारगड आणि महिपतगड यांची सह्याद्रीला बिलगलेली रांग, पश्चिमेस दाभोळच्या खाडीकडे उतरत जाणारा प्रदेश, आणि मध्ये भातखाचरे व वरकस डोंगरउतार, अशी या तालुक्याची ठेवण आहे. जगबुडी पुढे वाशिष्ठीस मिळते. भरतीच्या पाण्याबरोबर लहान होड्या दाभोळच्या खाडीतून वर खेडपर्यंत येत, आणि घाटावरचा व बंदरावरचा माल येथे हात बदलीत असे. पेशवाईत हा मुलूख सुवर्णदुर्ग तालुक्यात मोडे. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर तो कंपनी सरकारच्या अंमलाखाली आला. अशा मुलखात घरभाडे ही गौण बाब होती. दिवाणी दप्तराचे लक्ष इमारतीकडे नव्हते, जमिनीकडे होते. तेव्हा मापाची पहिली भांडणे शेतातच झाली, आणि मागाहून ती घराच्या उंबरठ्याच्या आत आली.

शिवकालीन मोजणीची जी हकीकत सभासदाच्या बखरीत आली आहे, तिच्यात काठीचे माप पाच हात आणि पाच मुठी असे सांगितले असून हात चौदा तसूंचा धरला आहे. अशा वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद जमीन म्हणजे एक बिघा, आणि एकशेवीस बिघे म्हणजे एक चावर. या कोष्टकात एक राजकीय शहाणपण दडलेले आहे. हात म्हटला की कोणाचा हात, हा प्रश्न येतोच. उंच मोजणीदाराच्या हाताने मोजलेली जमीन कमी भरते, ठेंगण्या मोजणीदाराच्या हाताने जास्त भरते, आणि सारा बिघ्यावर असल्यामुळे प्रत्येक बोटाचा भुर्दंड रयतेवर पडतो. हाताचे तसू एकदा ठरवून दिले, आणि त्यावरून काठी कायम केली, म्हणजे मोजणीदाराच्या शरीराचा मोजणीशी असलेला संबंध तुटतो. काठी गावात राहिली तर रयतही ती हाती धरू शकते. राज्यकर्त्याने आपल्याच अंमलदाराच्या लहरीला घातलेली ती मर्यादा होती.

परंतु कोकणात या काठीची सत्ता फार खोलवर पोहोचली नाही, कारण सरकार आणि रयत यांच्यामध्ये खोत उभा होता. रत्नागिरी जिल्ह्यातील बहुसंख्य गावे खोती होती, आणि खोताने सरकारात ठराविक जमा भरावी व कुळांकडून आपला हिस्सा वसूल करावा अशी रीत होती. हा हिस्सा जमिनीच्या मापावर नसून पिकावर असे. भातजमिनीवर तो साधारणतः निम्मा, म्हणजे अर्धेल, आणि हलक्या जमिनीवर तिसरा किंवा त्याहून कमी. आता निम्मे म्हणजे कशाचे निम्मे, हे ठरविण्यासाठी पीक उभे असतानाच खोत किंवा त्याचा कारकून शेताच्या बांधावर येई, पिकाकडे पाहून यात इतके मण भात निघेल असा अंदाज बांधी, आणि तोच आकडा हिशेबात चढे. या पाहणीला अभावणी म्हणत. पुढे पावसाने पीक झोडपले, कीड पडली वा रानडुकरांनी शेत उधळले, तरी अभावणीचा आकडा सहसा बदलत नसे, आणि तो आकडा कसा काढला हे विचारण्याचा मार्ग कुळापाशी नसे. शेत मोजता येते, धान्य मापता येते; परंतु खोताच्या डोळ्यात काय उमटले ते मापण्याचे साधन कोणत्याही गावात नव्हते. खोतीविरुद्ध जो असंतोष पुढे साठत गेला त्याची कारणे अनेक आहेत, वेठ आहे, बेदखलीची भीती आहे, जातिभेदाचा जाच आहे; पण त्या सर्वांच्या मुळाशी हे एक दुःख होतेच, की देणे किती हे घेणाऱ्याच्या नजरेवर ठरे आणि देणाऱ्याला त्याची रुजवात करता येत नसे.

इंग्रजी अंमलात मोजणीचे दुसरे पर्व सुरू झाले. १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात जी पाहणी केली, तीच पुढे सर्व मुंबई इलाख्याचा कित्ता ठरली. इंग्लंडात सतराव्या शतकाच्या आरंभी गणिती एडमंड गुंटर याने ६६ फुटांची साखळी रूढ केली होती. तिच्या निम्म्याची, म्हणजे ३३ फुटांची साखळी आपल्याकडे पाहणीत वापरात आली आणि ती सोळा आण्यांत विभागली गेली. एक साखळी लांब व एक साखळी रुंद अशी जमीन म्हणजे एक गुंठा, अर्थात १,०८९ चौरस फूट; आणि चाळीस गुंठे मिळून एक एकर. आजही खेडच्या आसपास जमिनीचा सौदा गुंठ्यात बोलला जातो, तेव्हा बोलणाऱ्याच्या नकळत त्या लोखंडी साखळीचाच उच्चार होत असतो. विंगेटनेच १८५१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील पाहणीविषयी अहवाल सादर केला, आणि पुढील काळात ही साखळी खोती गावांत फिरू लागली. खोतांना ती प्रिय झाली नाही यात नवल नाही. कारण साखळीच्या पाठोपाठ बोटखत नावाचे दप्तर आले, आणि कोणते कूळ कोणता तुकडा वाहते, त्याचे क्षेत्र किती, त्याने खोतास काय द्यावयाचे, हे त्यात लिहिले जाऊ लागले. ज्या कुळाचे अस्तित्व आजवर खोताच्या स्मरणात आणि मर्जीत होते, ते सरकारी कागदावर आले. १८८० च्या खोती कायद्याने या नोंदींना कायद्याचे अधिष्ठान दिले, खोताचे वर्चस्व मात्र त्याने मोडले नाही. ते मोडण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ च्या सप्टेंबरात मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. प्रत्यक्षात खोती गेली ती स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या कायद्याने. अभावणीकडून साखळीकडे आणि साखळीकडून नोंदीकडे येण्यास या मुलखाला शंभर वर्षे लागली.

शेताची ही कथा चालू असताना घर मात्र आपल्या निराळ्याच मापाने मोजले जात होते. कोकणातले जुने घर फुटांत सांगितले जात नसे. ते खणांत सांगितले जाई. दोन खांबांमधील किंवा दोन तुळयांमधील अंतर म्हणजे एक खण, आणि घर पाच खणी की सात खणी यावरून त्याची व धन्याची प्रतिष्ठा कळे. ओटी, माजघर, पडवी, बाळंतिणीची खोली हे सर्व त्या खणांच्या हिशेबात बसे. खणाची लांबी सर्वत्र सारखी नव्हती. फणस, ऐन किंवा सागाचा वासा जितका लांब मिळे आणि जितका भार पेलू शके, तितका खण मोठा असे. म्हणून एकाचे पाच खण दुसऱ्याच्या सहा खणांएवढे भरू शकत. तथापि यावरून तंटे झाल्याचे फारसे ऐकिवात येत नाही, आणि त्याचे कारण उघड आहे. खण हे डोळ्यांना दिसणारे माप होते. खांब मोजण्यास सुताराची गरज नव्हती, आणि जे खांब धन्याला दिसत तेच बिऱ्हाडकरूलाही दिसत.

या घराचे क्षेत्रफळही काढले जाई, परंतु भाड्यासाठी नव्हे. वास्तुशास्त्राच्या नियमाप्रमाणे वास्तूची लांबी आणि रुंदी यांचा गुणाकार करून त्यास आठाने भागीत, आणि उरलेल्या बाकीवरून आय पाहात. बाकी एक उरली तर ध्वज, तीन उरली तर सिंह, पाच उरली तर वृषभ, सात उरली तर गज, हे विषम आय शुभ, आणि धूम, श्वान, खर, ध्वांक्ष हे सम आय अशुभ. बाकी अशुभ निघाली तर सुतार एखादे बोट इकडचे तिकडे करी आणि आय साधून घेई. आजच्या हिशेबी मनाला हे हास्यास्पद वाटेल; परंतु क्षेत्रफळाचा आकडा हा आधी ठरवलेल्या हेतूसाठी थोडा ओढताताणता येतो, हे सत्य त्या सुताराला पुरते ठाऊक होते, आणि त्याने ते कधी लपवून ठेवले नाही.

भाड्याच्या जागेचा खरा अनुभव खेडकरांना आला तो खेडात नव्हे, मुंबईत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिरण्या उभ्या राहू लागल्या आणि रत्नागिरी जिल्ह्याच्या गावोगावचे तरुण चाकरमानी होऊन लालबाग, परळ, वरळी, नायगाव या भागांत जाऊन राहिले. एकट्याने खोली घेणे परवडत नसल्यामुळे एका गावच्या माणसांनी मिळून चाळीत एक खोली घ्यावी, तिचे भाडे वाटून भरावे, आणि गावाहून येणाऱ्या प्रत्येकास तीत जागा द्यावी, अशी पद्धत पडली. गावकऱ्यांची खोली म्हणून ती ओळखली जाई. या खोलीतील प्रत्येकाचा हक्क चौरस फुटांत नव्हता. एक ट्रंक ठेवण्यापुरती भिंत, एक पथारी पसरण्यापुरती जमीन, आणि कपडे अडकविण्यास एक खुंटी, एवढे त्याचे क्षेत्र. आणि तेही पाळीनुसार, कारण रात्रपाळीचा गडी दिवसा ज्या जागी झोपे तीच जागा दिवसपाळीच्या गड्याला रात्री मिळे. १९२० च्या दशकात मुंबई सरकारच्या विकास विभागाने, म्हणजे लोकांच्या तोंडी बसलेल्या बीडीडीने, ज्या चाळी बांधल्या त्यांतील खोली १६० चौरस फुटांची होती. तीत सोळा गडी राहतात असे धरले तर माणशी दहा चौरस फूट होतात. पाळ्यांची व्यवस्था नसती तर तेथे सर्वांना एका वेळी आडवे होणेही दुरापास्त होते. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की सामाईक व्हरांडा, सामाईक नळ आणि सामाईक शौचकूप या सर्वांचा उपयोग खोलीगणिक सारखा होता, परंतु खोलीचे माप सांगताना त्यांचा तुकडा कोणी तिच्या क्षेत्रात मिळवीत नसे. व्हरांडा सर्वांचा होता म्हणूनच तो कोणाच्याही मोजणीत नव्हता.

भाडेनियंत्रणाने या मापाचे महत्त्व काही काळ निराळ्या दिशेला वळविले. पहिल्या महायुद्धाच्या टंचाईत मुंबईत १९१८ मध्ये भाडेनियंत्रणाचा कायदा झाला, आणि १९४७ च्या कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे चालू होते ते प्रमाण भाडे म्हणून गोठवले. भाडे जागेला चिकटले. जागा दोनशे फूट की अडीचशे, याने त्यात फरक पडेना. तेव्हा मोजणीचा सारा उत्साह पागडीकडे गेला. उघड भाडे पूर्वीच्याच रुपयांत राहिले, आणि जागेच्या विस्ताराची खरी किंमत कागदाबाहेर हातोहात फिरू लागली. पुढे १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने बँका, सरकारी महामंडळे, बहुराष्ट्रीय कंपन्या, तसेच एक कोटी रुपये किंवा त्याहून अधिक भरणा झालेले भागभांडवल असणाऱ्या कंपन्या यांना या संरक्षणातून वगळले. परिणामी मोठ्या भाडेकरूंचे भाडे पुन्हा बाजारावर आले, आणि बाजारात ते आले म्हणजे चौरस फुटावर आले.

दरम्यान मुंबईत कचेरीची इमारत या वस्तूचे रूपच पालटले होते. समुद्र हटवून तयार केलेल्या नरिमन पॉइंटवर १९७० च्या दशकात वीस-पंचवीस मजली मनोरे उभे राहिले, आणि त्यांच्या पोटात उद्वाहनांची विवरे, वातानुकूलनाची यंत्रे, अग्निशमनाचे जिने, प्रशस्त दर्शनी दालन, विजेच्या व दूरध्वनीच्या वाहिन्या असा पुष्कळ पसारा आला. हे सर्व बांधण्यास खर्च लागतो, त्याचा उपभोग सर्व भाडेकरू घेतात, तेव्हा त्याचा हिस्सा त्यांनी उचलावा, या म्हणण्यात अन्याय नाही. अन्याय शिरला तो हिस्सा वसूल करण्याच्या रीतीत. दर वाढविण्याऐवजी क्षेत्र वाढविण्यात आले. भिंतींसह धरलेल्या बांधीव क्षेत्रावर सामाईक जागेचा वाटा म्हणून ठराविक टक्के चढविण्यात येऊ लागले, त्या बेरजेला सुपर बिल्ट-अप असे भारदस्त नाव मिळाले, आणि चढविलेल्या टक्क्यांना दलालांच्या भाषेत लोडिंग. हे टक्के वीस असावेत, तीस असावेत की पन्नास, हे कोणत्या जिन्यावरून आणि कोणत्या विवरावरून निघाले, हे भाडेकरूने विचारले तर बहुधा एकच उत्तर मिळे, की या इमारतीचा रिवाज असा आहे. अभावणीचा आकडा ज्या रीतीने निघे त्याहून ही रीत फारशी निराळी म्हणता येणार नाही. पूर्वी उभ्या पिकावर नजर फिरे, आता उभ्या इमारतीवर फिरू लागली. फरक इतकाच, की खोताचे कूळ निरक्षर होते आणि या कुळाच्या पदरी वकील व हिशेबतपासनीस असतात. तरीही आकड्याच्या उगमापर्यंत पोहोचण्याचा रस्ता दोघांनाही सारखाच बंद.

हा रोग एकट्या मुंबईचा नव्हे. अमेरिकेत इमारतमालक व व्यवस्थापक यांच्या राष्ट्रीय संघटनेने कचेऱ्यांच्या जागेच्या मोजणीचे पहिले प्रमाण १९१५ मध्येच प्रसिद्ध केले. तेथे भाडेकरूच्या प्रत्यक्ष वापरातील क्षेत्र आणि ज्यावर भाडे आकारावयाचे ते क्षेत्र असे दोन भिन्न आकडे राजरोस मान्य झाले, आणि पहिल्यावरून दुसऱ्यावर कसे जावयाचे त्याचे गणित छापील स्वरूपात मिळू लागले. प्रमाण मालकांच्या संघाने ठरविले होते ही गोष्ट खरी. परंतु ते छापलेले होते, आणि छापलेल्या गणितावर वाद घालता येतो. जपानात कचेरीचे भाडे अजूनही त्सुबोवर सांगतात, सुमारे ३.३ चौरस मीटरचे हे माप दोन ततामी चटयांएवढे असून त्याचा उगम जमिनीवर बसणाऱ्या माणसाच्या वापरात आहे. इंग्लंड, हाँगकाँग, अरबी आखातातील शहरे यांची मोजणी आणखी निराळी. एकच मजला वेगवेगळ्या देशांच्या रीतींनी मोजला असता त्याच्या क्षेत्रात चोवीस टक्क्यांपर्यंत तफावत पडू शकते असे जेव्हा निदर्शनास आले, तेव्हा अनेक देशांच्या व्यवसायसंघांनी २०१३ मध्ये एकत्र येऊन २०१४ च्या नोव्हेंबरात कचेऱ्यांच्या इमारतींसाठी आंतरराष्ट्रीय मोजणी प्रमाण प्रसिद्ध केले. त्यात बाह्य मोजणी, अंतर्गत मोजणी आणि एका भोगवटादाराच्या ताब्यातील जागा असे तीन निरनिराळे आकडे सांगितले असून, कोणत्या आकड्यावर बोलणे चालले आहे हे आधी स्पष्ट करावे असा त्याचा आग्रह आहे.

आपल्या देशात या विषयावर प्रमाण नव्हते असे समजणे चूक ठरेल. भारतीय मानक संस्थेने १९६६ मध्येच इमारतींच्या क्षेत्रमोजणीचे ३८६१ क्रमांकाचे मानक प्रसिद्ध केले, आणि त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्यांत जोत्याचे क्षेत्र, चटईक्षेत्र आणि भाडेयोग्य क्षेत्र यांच्या मोजणीचे नियम दिलेले आहेत. त्याप्रमाणे कचेरीचे चटईक्षेत्र काढताना भिंतींची जाडी, व्हरांडे, बोळ, जिने, उद्वाहनांची विवरे, शौचालये, वातानुकूलनाच्या यंत्रांच्या खोल्या हे सारे वगळावयाचे असते. खासगी इमारतीत सरकारी कार्यालय भाड्याने घ्यावयाचे झाले, तर योग्य भाडे किती याचा दाखला सार्वजनिक बांधकाम विभागाकडून घेतला जातो. आणि राष्ट्रीयीकृत बँका शाखेसाठी जागा हवी म्हणून वृत्तपत्रांत जाहिरात देतात तेव्हा मागणी चटईक्षेत्रातच केलेली आढळते. याचा अर्थ असा, की तालुक्याच्या गावातील ज्या गाळेमालकाने नरिमन पॉइंट कधी पाहिलेला नाही, त्यालाही बँकेला जागा देताना भिंतीच्या आत टेप धरावा लागतो.

कोकणात या आतबाहेरचे महत्त्व इतर ठिकाणांपेक्षा अधिक आहे, आणि त्याचे कारण जांभा. येथील जुनी दुकाने आणि माड्या जांभ्याच्या चिऱ्यांच्या आहेत, आणि चिऱ्याची भिंत सहजच फूटभर जाड भरते. बाहेरून दहा फूट रुंद आणि वीस फूट लांब असा गाळा घेतला, तर त्याचे बांधीव क्षेत्र दोनशे चौरस फूट होते; चारी भिंती फूटभर जाड धरल्या तर आतील माप आठ फूट आणि अठरा फूट, म्हणजे १४४ चौरस फूट, बांधीव क्षेत्राच्या ७२ टक्के. तोच गाळा सहा इंची ठोकळ्यांचा बांधला तर आत १७१ चौरस फूट निघतात. आता दोनशेवर तीस टक्के लोडिंग चढवून २६० चौरस फुटांवर, चौरस फुटास चाळीस रुपये दराने भाडे आकारले, तर महिन्याचे १०,४०० रुपये होतात. आणि जांभ्याच्या गाळ्यातील भाडेकरूला प्रत्यक्ष जमिनीच्या प्रत्येक चौरस फुटामागे चाळीस नव्हे, बहात्तर रुपयांहून थोडे अधिक पडतात. भिंत जितकी जुनी आणि भक्कम, तितका भाडेकरू तोट्यात, असा हा विलक्षण न्याय आहे. खेड शहरालगत कातळात कोरलेली जी बौद्ध लेणी आहेत त्यांना हा हिशेब लागू करू पाहणाऱ्याची मात्र पंचाईत होईल. कातळात खोदलेल्या खोलीला बाहेरची बाजूच नसते, आणि तेथे चटईक्षेत्राखेरीज दुसरे क्षेत्र संभवतच नाही.

विक्रीच्या व्यवहारात कायद्याने या गोंधळाला हळूहळू आवर घातला. महाराष्ट्रात १९६३ मध्ये मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा झाला, आणि २००८ च्या दुरुस्तीने विक्री केवळ चटईक्षेत्राच्या आधारे करण्याचे बंधन त्यात आले. त्यानंतर स्थावर संपदेचा केंद्रीय कायदा २०१६ मध्ये संमत होऊन १ मे २०१७ पासून पूर्णतः अमलात आला, आणि त्याने चटईक्षेत्राची व्याख्या देशभर एक केली. या व्याख्येत बाहेरच्या भिंती, वाहिन्यांची विवरे, खासगी सज्जा आणि उघडी गच्ची वगळलेली असली, तरी आतील विभाजक भिंती धरलेल्या आहेत. म्हणजे मानकातील चटईक्षेत्र आणि कायद्यातील चटईक्षेत्र हे दोन तंतोतंत एक नाहीत, आणि सात-आठ दालनांच्या कचेरीत हा फरक नगण्य राहात नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट ही, की हा कायदा प्रवर्तकाने केलेल्या विक्रीपुरता आहे. कचेरी भाड्याने देणाऱ्या मालकाने कोणत्या क्षेत्रावर भाडे घ्यावे याविषयी तो मौन पाळतो. जो गाळा विकताना चटईक्षेत्रावरच विकावा लागतो, तोच गाळा भाड्याने देताना आजही सुपर बिल्ट-अपवर देता येतो, फक्त समोरच्याने ते मान्य करावयास हवे.

खेडच्या परिसरात आज ही सर्व मापे एकाच वेळी नांदताना दिसतात. लोटे परशुराम येथील औद्योगिक वसाहतीत महामंडळ भूखंड पंच्याण्णव वर्षांच्या पट्ट्याने देते, आणि त्याची मोजणी चौरस मीटरमध्ये होते. सातबाराच्या उताऱ्यावर हेक्टर आणि आर असतात, मिळकत पत्रिकेवर चौरस मीटर, बोलण्यात गुंठा, आणि भाडेकरारात चौरस फूट. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत मुद्रांकासाठी मूल्यांकन करताना चटईक्षेत्रावरून बांधीव क्षेत्र काढण्यास १.२ ने गुणण्याचा प्रघात दीर्घकाळ होता. जांभ्याच्या त्या गाळ्यात तर बांधीव क्षेत्र चटईक्षेत्राच्या जवळजवळ १.३९ पट भरते, म्हणजे त्या सरकारी गुणकालाही जांभ्याची ओळख नव्हती. त्यातच पोटमाळ्याचा प्रश्न आहे. जगबुडीला पूर आला म्हणजे बाजारपेठेत पाणी शिरते. २००५ च्या आणि २०२१ च्या जुलैत ते खेडकरांनी पुरते अनुभवले. अशा गावात पोटमाळा ही चैन नसून मालाचा जीव वाचविण्याची जागा आहे, आणि दुकानदार तिच्यासाठी मोल देण्यास तयारही असतो. परंतु मानकाप्रमाणे माळा क्षेत्रात धरत नाहीत, मालक तो धरू पाहतो, आणि करारात त्याचा उल्लेख नसतो. नोंदणी झालेल्या भाडेकरारात भाड्याचा आकडा, अनामत रक्कम आणि मुदत यांच्या जोडीला क्षेत्राचा एक आकडा बहुधा आढळतो, पण तो आकडा भिंतीच्या कोणत्या बाजूने आला, हे सांगणारी ओळ क्वचितच सापडते.

ही ओळ लिहिली जात नाही तोवर कायद्यांची आणि मानकांची भर पडूनही फारसे साधणार नाही. कारण या दीर्घ इतिहासात माप लहान होते की मोठे, काठी लांब होती की आखूड, यावरून न्याय-अन्याय ठरलेला नाही. खण अनिश्चित होता तरी त्याने कोणाला फसविले नाही, कारण खांब दोघांनाही मोजता येत होते. साखळी परकी होती तरी तिने कुळाला आधार दिला, कारण तिने काढलेला आकडा दुसऱ्या दिवशी पुन्हा काढून पाहता येत होता. अभावणीत मात्र आकडा काढणारा आणि वसूल करणारा एकच होता, आणि त्याची पद्धत त्याच्या डोक्यात होती. म्हणून भाड्याच्या करारात चौरस फुटांच्या आकड्याशेजारी चार गोष्टी लिहाव्यात, एवढीच या इतिहासाची माफक मागणी आहे: टेप भिंतीच्या आतून धरला की बाहेरून, आतल्या भिंती मोजल्या की नाही, माळा धरला की सोडला, आणि सामाईक जागेचा हिस्सा घेतला असल्यास तो कोणत्या जागेचा व कोणत्या प्रमाणात. त्यासाठी नवे खाते लागत नाही, की नवा दाखला लागत नाही. नकाशाची एक नक्कल कराराला जोडली आणि तिच्यावर दोघांच्या सह्या घेतल्या की काम भागते. मग मालकाने सामाईक जागेचा वाटा खुशाल मागावा, आणि भाडेकरूने तो पटल्यास खुशाल द्यावा. दर किती असावा हे त्या दोघांचे आणि बाजाराचे काम आहे, परंतु जागा किती हे सांगण्याचा अधिकार यापुढे एकट्या घेणाऱ्याकडे राहू नये.